काकांचा रेडिओ मागे का?

समजा, तुमचे काका लंडनला राहतात. आकाशवाणीचे पुणे केंद्र ते इंटरनेटवरून ऐकतात. पण पुण्यात तुमच्या ट्रान्झिस्टरवर निवेदकाचा 'नमस्कार' ऐकू येतो, त्यानंतर काही सेकंदांनी तो काकांच्या फोनवर उमटतो. हा उशीर अंतरामुळे होत असेल का? हिशेब करून पाहू.

आवाजाचे आकडे बनतात आणि प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपाने ते समुद्रतळावरील काचतंतूंतून धावतात. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. मार्ग १५,००० किलोमीटरांचा धरला, तरी लागतात अवघे ०.०७५ सेकंद!

मग वेळ जातो कुठे? हे आकडे लहान लहान पुडक्यांतून येतात. काही लवकर, काही रेंगाळत. आवाज मध्येच तुटू नये म्हणून फोन काही सेकंदांचा साठा आधी करून घेतो आणि मगच ऐकवू लागतो. नळाचे पाणी थांबत थांबत आले, तरी टाकीमुळे घरातली धार अखंड राहते ना, तसेच हे!

ट्रान्झिस्टर आणि फोन शेजारी ठेवून एकच केंद्र लावा व फरक मोजा. मात्र इंटरनेटवरचा रेडिओ ऐकून घड्याळ लावू नका!