स्वादवर्णनाची परिभाषा : बेल्जियमच्या ‘पांढऱ्या’ बिअरच्या निमित्ताने

एखाद्या पदार्थाच्या स्वादाचे वर्णन परभाषेतून मराठीत आणताना शब्दकोश कोठवर साथ देतो, याची कसोटी पाहावयाची असल्यास बेल्जियममधील गव्हाच्या बिअरचे उदाहरण फार सोयीचे आहे. या बिअरचे वर्णन करताना इंग्रजीत तीन शब्द हटकून येतात : ‘सायट्रस’, ‘स्पाइस’ आणि ‘कोरिअँडर’. त्यांचे प्रथमदर्शनी सुचणारे मराठी प्रतिशब्द मांडले, तर ही बिअर ‘लिंबासारखी आंबट, मसालेदार व कोथिंबिरीच्या चवीची’ ठरते. असे वर्णन वाचून जो पेला ओठांस लावील, त्याच्या अपेक्षेप्रमाणे त्यात काहीच आढळणार नाही. आंबटपणा असलाच तर नाममात्र, तिखटपणा मुळीच नाही, आणि कोथिंबिरीचा तर मागमूसही नाही. भाषांतरकाराने एकही शब्द गाळलेला नाही, आणि तरीही वर्णन खोटे ठरते. या खोटेपणाचे मूळ शब्दांच्या अज्ञानात नसून, स्वाद ही एकाच इंद्रियाची संवेदना आहे या समजुतीत आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम या पेयाची ओळख करून घेणे इष्ट होईल. ब्रुसेल्सच्या पूर्वेस फ्लेमिश ब्राबांट प्रांतात हूगार्डन नावाचे गाव आहे. गव्हाच्या बिअरबद्दल त्या गावाची जुनी ख्याती होती. पुढे फिकट सोनेरी ‘लागर’ बिअरचा प्रसार झाला आणि हा प्रकार मागे पडत गेला. १९५० नंतरच्या दशकात गावातील या बिअरचा शेवटचा कारखानाही बंद पडला. तरुणपणी अशाच एका कारखान्यात हाताखाली काम केलेल्या पिएर सेलिस या दूधव्यावसायिकाने १९६६ च्या सुमारास तिचे पुनरुज्जीवन केले. १९८५ मध्ये त्यांच्या कारखान्यास आग लागली. त्यानंतर तो मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेला आणि सेलिस यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन येथे नवा कारखाना काढला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वाचविलेला हा प्रकार जगभर पसरलेला होता.

या बिअरला डच भाषेत ‘विट’ म्हणजे ‘पांढरी’ असे विशेषण लावतात. वस्तुतः तिचा रंग पांढरा नसून फिकट पिवळा व गढूळ असतो. हा गढूळपणा मोड न आणलेल्या गव्हातील प्रथिने व पिष्ट आणि न गाळलेले यीस्ट यांमुळे येतो. एकूण धान्यात अशा गव्हाचे प्रमाण सुमारे निम्मे असते व उरलेला भाग जवाच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळविलेल्या जवाचा असतो. हॉपची फुले बेताचीच घालतात, त्यामुळे कडूपणा कमी. मद्यार्काचे प्रमाण साधारणतः पाच टक्क्यांच्या आसपास असते. तिचे वैशिष्ट्य ठरविणारे दोन पदार्थ म्हणजे कडू नारिंगाची वाळविलेली साल आणि भरड कुटलेले धणे. त्यांचा सुगंध उडून जाऊ नये म्हणून ते बहुधा उकळण्याच्या अगदी अखेरीस घालतात.

महाराष्ट्रातही हा प्रकार आता अपरिचित राहिलेला नाही. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ हे स्वतःची बिअर बनविणारे मद्यगृह सुरू झाले. त्यानंतर पुण्यामुंबईत अशी अनेक मद्यगृहे निघाली व त्यांच्या फळ्यांवर गव्हाची बेल्जियन बिअर नेहमी दिसू लागली. ‘डूलाली’ हे नावच प्रस्तुत विषयास पूरक आहे. नाशिकजवळच्या देवळाली येथील छावणीत मायदेशी परतणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक महिनोन्‌महिने अडकून पडत. त्यांच्या बोलीत त्या गावाच्या नावावरून ‘भ्रमिष्ट’ या अर्थी हा शब्द रूढ झाला. मराठी ग्रामनाम इंग्रजीत जाऊन विशेषण बनले आणि मद्यगृहाच्या पाटीवर बसून परत आले. शब्द प्रवासास निघाला की त्याचा अर्थ त्याच्यासोबत शाबूत राहतोच असे नाही. स्वादवाचक शब्दांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष खरी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. व्यवहारात ज्याला ‘चव’ म्हणतात, तीत किमान तीन निरनिराळ्या संवेदना एकत्र झालेल्या असतात. पहिली जिभेची. गोड, आंबट, खारट, कडू हे तिचे विषय होत. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ‘उमामी’ या रसाचे प्रतिपादन केले व तो आज पाचवा मानला जातो. दुसरी संवेदना नाकाची. पदार्थ तोंडात असताना त्याचा गंध घशामागील वाटेने नाकात शिरतो, आणि तो जिभेवरच आहे असा भास होतो. तिसरी संवेदना झोंबण्याची. मिरचीचा दाह हा रस नव्हे व गंधही नव्हे. तो उष्णता व वेदना ओळखणाऱ्या ज्या ग्राहीद्वारे जाणवतो, त्याचा शोध डेव्हिड ज्यूलिअस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये लागला. या संशोधनाच्या मालिकेबद्दल ज्यूलिअस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या तीन संवेदना वेगळ्या करण्यास उपकरण लागत नाही. नाक चिमटीत धरून या बिअरचा घोट घ्यावा. जिभेला किंचित गोडसरपणा, अंधूक आंबूस छटा, थोडा कडसरपणा आणि वायूची चुरचुर एवढेच जाणवेल. नारिंगही नाही व धणेही नाहीत. मग चिमूट सोडून श्वास बाहेर टाकावा, म्हणजे दोन्ही एकदम प्रकट होतील. पेयाची जी ओळख सांगितली जाते, ती जवळजवळ सर्व नाकाच्या अधीन आहे, हे या साध्या प्रयोगाने पटते.

या दृष्टीने ‘सायट्रस’ हा शब्द प्रथम तपासावा. मराठीत लिंबू, ईडलिंबू, महाळुंग, पपनस, मोसंबे, संत्रे, नारिंग अशी एकेका फळाची नावे विपुल आहेत, परंतु या सर्वांना कवेत घेणारा घरगुती शब्द नाही. ‘लिंबूवर्गीय’ हा शब्द वनस्पतिशास्त्रातून आलेला आहे. त्यात लिंबू पुढे असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात रस उभा राहतो व रसाबरोबर आंबटपणा. बिअरच्या वर्णनात मात्र ‘सायट्रस’ हा रसाचा शब्द नसून सालीचा शब्द आहे. संत्र्याची साल दाबली असता डोळ्यांत उडणारे जे तुषार असतात, ते तेल होय, आम्ल नव्हे. त्या तेलातील प्रमुख द्रव्य लिमोनीन. फळाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा असतो आणि त्या आम्लास स्वतःचा असा गंध जवळजवळ नाहीच. तेव्हा येथे ‘आंबट’ म्हणणे म्हणजे नाकाचा अनुभव जिभेच्या नावावर मांडणे होय. ‘संत्र्याच्या सालीचा गंध’ हे लांबलेले वर्णन अधिक प्रामाणिक ठरते.

दुसरा शब्द ‘स्पाइस’. ‘मसालेदार’ म्हणताच मराठी वाचकास झणझणीतपणा अपेक्षित असतो. या बिअरमध्ये झोंबणारे काहीही नाही. तिच्या मसाल्याचे घटक दोन : धण्यांचा सुगंध, आणि लवंगेची आठवण करून देणारी एक छटा. यांपैकी दुसऱ्या घटकासाठी लवंग मुळीच वापरलेली नसते. धान्यातील फेरुलिक आम्लाचे रूपांतर या बिअरचे विशिष्ट यीस्ट ज्या द्रव्यात करते, त्याचा गंध लवंगेसारखा असतो. मसाला व झोंबणे यांची फारकत मराठीला ठाऊक नाही असे मात्र नव्हे. देशावरच्या स्वयंपाकघरात ‘तिखट’ हे मिरचीच्या पुडीचे नाव असून ‘मसाला’ त्याहून वेगळ्या डब्यात असतो. धणे, दालचिनी, लवंग, दगडफूल यांच्या मिश्रणाला तर ‘गोडा मसाला’ असेच नाव आहे. कोकणात, उलट, मिरचीसह कुटलेल्या तांबड्या पुडीलाच ‘मसाला’ म्हणतात. म्हणजे ‘मसालेदार बिअर’ या दोन शब्दांनी पुण्यात व मालवणात निरनिराळ्या अपेक्षा निर्माण होण्याचा संभव आहे. ‘गोड्या मसाल्याच्या जातीचा सुगंध’ असे म्हटल्यास हा घोटाळा बराचसा टळतो.

तिसरा शब्द ‘कोरिअँडर’. येथे मराठीचा भेद इंग्लंडमधील इंग्रजीपेक्षा सूक्ष्म आहे. तेथे पान व बी या दोहोंस एकच शब्द चालतो. अमेरिकेत पानासाठी ‘सिलांत्रो’ हा स्पॅनिश शब्द वेगळा आहे. मराठीत पान ती कोथिंबीर व बी ते धणे. वनस्पती एक असली तरी गंध एक नाही. कोथिंबिरीचा वास मुख्यतः अल्डिहाइड वर्गातील द्रव्यांचा, तर धण्यांचा लिनॅलूल या द्रव्याचा असतो. लिनॅलूलचा गंध फुलासारखा असून त्याला लिंबाच्या सालीची किंचित झाक असते, आणि म्हणूनच नारिंगाच्या सालीशी त्याचे चांगले जमते. शिवाय धणे न भाजता वापरल्यास हा गंध टिकतो. भाजल्यावर ज्याला ‘खमंग’ म्हणावे असा निराळाच गंध उत्पन्न होतो. ‘खमंग’ या एका शब्दात भाजल्याची क्रिया, तिचा गंध व त्याविषयीची पसंती एकवटलेली आहे. अशा शब्दाचा प्रतिशब्द इंग्रजीत शोधू पाहणाऱ्यास तेथेही पंचाईत पडेल.

यावरून मराठीची शब्दसंपत्ती अपुरी आहे असे अनुमान काढणे चूक ठरेल. गोडसर, कडसर, आंबूस, कडवट, धुरकट, मातकट, कुबट, खवट, खरपूस या शब्दांकडे पाहिले, तर प्रत्ययांच्या साहाय्याने छटा दाखविण्याची सोय मराठीत उत्तम असल्याचे दिसते. अडचण निराळी आहे. कोणता शब्द कोणत्या इंद्रियाचा, हे भाषा सांगत नाही. आंबूस हे चवीचेही असते व वासाचेही, आणि खवट नाकाला आधी कळते. शिवाय स्वादवाचक शब्द अर्थाने स्थिर नसतात. संस्कृतातील षड्रसांमध्ये ‘कटु’ म्हणजे तिखट व ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीतील ‘कडू’ हा शब्द ‘कटु’पासूनच आला, परंतु त्याने अर्थ घेतला तो ‘तिक्त’चा. ‘तिखट’ हा शब्द ‘तीक्ष्ण’च्या कुळातील असून त्याने ‘कटु’ची रिकामी जागा भरली. आयुर्वेदाचे ग्रंथ वाचणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो.

गंधासाठी माणसाजवळ शब्द नसतात, असा एक जुना समज आहे. आसिफा मजीद व निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मलाया द्वीपकल्पातील जहाई भाषिक गंधांची नावे रंगांच्या नावांइतक्याच सहजतेने सांगतात, तर इंग्रजी भाषिक गंधांपाशी अडखळतात, असे आढळले. जहाई भाषेत वस्तूचा आधार न घेणारी स्वतंत्र गंधवाचक पदे आहेत. म्हणजे उणीव मानवी नाकाची नव्हे, भाषिक सवयीची. दुसऱ्या बाजूने, शब्द संवेदनेस फसवितातही. बोर्दो येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पांढऱ्या द्राक्षमद्यास गंधहीन तांबडा रंग दिला गेला, आणि मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी त्याचे वर्णन तांबड्या मद्यासाठी राखलेल्या शब्दांत केले. डोळ्यांनी शब्द सुचविला व नाकाने तो मान्य केला.

बिअरच्या क्षेत्रात या गोंधळावर एक उपाय योजला गेला. मॉर्टन मायलगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात स्वादांचे एक चक्र तयार केले. स्वतंत्रपणे ओळखता येणाऱ्या प्रत्येक गुणास एक नाव असावे, आणि शक्य तेथे त्या नावास पडताळ्यासाठी एक ठराविक द्रव्य असावे, हे त्यामागील तत्त्व होय. मराठीत असे चक्र जसेच्या तसे भाषांतरित करून भागणार नाही. त्याआधी चार पदांचे क्षेत्र निश्चित करावे लागेल : जिभेच्या संवेदनेस ‘चव’, नाकाच्या संवेदनेस ‘गंध’, दाहास ‘झोंब’ आणि या सर्वांच्या मिश्र अनुभवास ‘स्वाद’. चारही शब्द जुनेच आहेत, त्यांच्यामधील सीमा तेवढी नवी. या रीतीने हूगार्डनच्या बिअरचे वर्णन पुढीलप्रमाणे होईल : चवीला गोडसर, किंचित आंबूस व शेवटी जराशी कडसर, गंध संत्र्याच्या सालीचा व कच्च्या धण्यांचा, मागे लवंगेची छाया, झोंब नाही, वायूची चुरचुर मात्र आहे.

या भेदाचे महत्त्व एका पेयापुरते मर्यादित नाही. बोलींच्या सर्वेक्षणात ‘याची चव कशी?’ असा प्रश्न विचारून मिळालेली उत्तरे एकाच रकान्यात भरली जातात. त्या रकान्यात जीभ, नाक व दाह यांची उत्तरे मिसळतात, आणि ती एकदा मिसळली म्हणजे पुढे निवडता येत नाहीत. कोशातही ‘आंबूस’ व ‘खवट’ यांपुढे इंद्रियाचा निर्देश असेल, तर भाषांतरकाराचा मार्ग पुष्कळ सुकर होईल. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून चवीचा प्रश्न दोनदा विचारावा : एकदा नेहमीच्या रीतीने, आणि एकदा सांगणाऱ्यास नाक धरावयास लावून. दोन उत्तरांमध्ये जो फरक पडेल, तो त्या बोलीच्या गंधवाचक शब्दांपर्यंत त्यास नेऊन पोचवील.