आजीची ओवी आणि संगणकावरची कात्री

मुळशीच्या डोंगरी गावांत पूर्वी पहाटे जाते फिरू लागले की ओवी सुरू व्हायची. पुढे पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. ओव्याही विरून जाऊ नयेत म्हणून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकात त्या गोळा करायला सुरुवात केली. मुळशीसह गावोगावच्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून निघाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी हजारो ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्याही मुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ने हा ठेवा सर्वांसाठी खुला केला. काही गाणाऱ्या आज नाहीत. मूळ मुद्रण जपले म्हणून आवाज उरला.

आज आपल्या घरात मोबाइल आहे. आजीची ओवी, आईचे भीमगीत आपणही टिपू शकतो. पण पुष्कळदा व्हिडिओ धूसर आणि आवाज घोगरा निघतो. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. मुळात जे टिपले गेले नाही, ते कोणतेही सॉफ्टवेअर आणून देत नाही.

म्हणून आधी पंखा, टीव्ही बंद करा. आजीला खिडकीकडे तोंड करून बसवा. मोबाइल आडवा धरून जवळ, स्थिर ठेवा. ती मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथे ती दाबून लहान होते. केबलने संगणकावर घ्या, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

संपादनासाठी ‘शॉटकट’सारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते. मूळ चित्रीकरण १०८० आणि सेकंदाला ३० फ्रेमचे असेल, तर शेवटी फाइल काढतानाही तेच आकडे ठेवा. बिटरेट १० ते १५ एमबीपीएस ठेवला तर चित्र फाटत नाही. एकदा काढलेली फाइल पुन्हा कापून पुन्हा काढू नका. दर वेळी चित्राचा कस उतरतो. दुरुस्ती करायची तर मुळापासून करा. फुले, चांदण्या नकोत. ओवीखाली वाद्यसंगीतही नको. आजीचा श्वास, तिचे थांबणे हीच तिची चाल आहे.

शेवटी गाणारीचे नाव, गाव, तारीख पडद्यावर लिहा. मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

वाचकहो, आपल्या आयाबायांना लिहिणे-वाचणे नाकारले गेले, तेव्हा त्यांनी सगळे गळ्यात साठवले. येत्या सुट्टीच्या दिवशी आजीजवळ बसा. उद्यावर टाकू नका.