चावा जातीचा की कुत्र्याचा?

आमच्या नागझिऱ्याची रानकुत्री सांबराला लोळवतात, पण माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. चावते ते ओळखीचे कुत्रे, ज्याला आपण ‘यू यू’ करून भाकर टाकतो.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींवर बंदी घालण्याचे पत्र राज्यांना पाठवले. संबंधितांचे म्हणणे ऐकलेच नाही, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले. या कुत्र्यांचे जबडे दांडगे, जखम खोल, हे खरेच. पण राग रक्तात असतो का? २०२२ साली ‘सायन्स’मध्ये १८ हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला. दोन कुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे पडतो, असे त्यात निघाले. (माणसांचा असा हिशेब कुणी मांडावा!) दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा, पिलांपाशी बसलेली कुत्री, मार खाल्लेले जनावर, यांची जात कोण विचारतो?

आमच्या खेड्यांत पिटबुल कुठला? तिथे गावठीच. त्याचा साधा ओरखडाही हलका समजू नका, कारण रेबीजची लक्षणे दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मिरची, चुना काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रक्त आले असेल तर लसीसोबत सिरमचेही विचारा. पोरांना जास्त जपा. त्यांचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असते.