थकबाकीदार शेतकरी आणि सोसायटीचे कर्ज

पेरणीस भांडवल लागते आणि कोरडवाहू शेतकऱ्यास ते बहुधा कर्जाऊच आणावे लागते. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्याने उचललेल्या दर १०० रुपयांपैकी सुमारे ७० रुपये सावकारांचे होते; सहकारी संस्थांचे जेमतेम ३. पुढे गावोगाव विविध कार्यकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. परंतु ज्याचे मागील कर्ज थकले, त्यास सोसायटी नवे कर्ज देत नाही आणि तो पुन्हा सावकाराचा उंबरठा चढतो.

चितेगावसह पैठण तालुक्यातील कापूस, तूर, बाजरी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना ‘नवे-जुने’ हा शब्द परिचित आहे. त्याचा हिशेब पाहू. समजा, व्याजासह देणे ४०,००० रुपये आहे. शेतकरी तेवढी रक्कम सावकाराकडून आठ दिवसांकरिता आणून सोसायटीत भरतो. त्यास ५०,००० रुपयांचे नवे कर्ज मिळते. त्यातून सावकाराचे ४१,००० फेडल्यावर पेरणीस उरतात अवघे ९,०००. खत-बियाण्यास पुन्हा सावकार! कागदावर कर्ज फिटले. प्रत्यक्षात ते वाढले.

हे टाळण्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. पीक बुडाल्यास मुदत संपण्याची वाट न पाहता सचिवास भेटावे. शासनाने आपत्ती जाहीर केल्यास, तोवर न थकलेल्या पीककर्जाचे पुनर्गठन होऊन हप्ते मिळू शकतात. त्यासाठी संमतिपत्र वेळेत द्यावे.

२. जुने कर्ज थकले असल्यास मुद्दल व व्याजाचा लेखी उतारा मागावा. फेड होताच पावती व बेबाकी दाखला घ्यावा.

३. नवे कर्ज पिकापुरतेच उचलावे. लग्नकार्याचा खर्च त्यात मिसळू नये.

४. माल विकताच प्रथम सोसायटीचे देणे द्यावे. २०२१-२२ पासून ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याज सवलतीमुळे ते शून्य टक्के दराने पडते. मुदत चुकताच ही सवलत जाते.

५. सावकाराकडे जाणे अटळच झाले, तर त्याचा परवाना पाहावा. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यान्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर सही व कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत कदापि करून देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी थकबाकीदाराच्या घरी आपण होऊन जावे. तो लाजेने सोसायटीची पायरी चढत नाही. सावकार मात्र त्याच्या दारी येतो. कार्यकर्ता सावकाराआधी पोहोचला, तर एक कुटुंब व त्याची जमीन वाचेल.