आधी बॅटरी, मग ऊन

सोलरची फिटिंग करणाऱ्या एका वायरमनचा मे महिन्यातला दिवस

सकाळी ६.००
गोंदियात दुकानासमोर टेम्पो भरतोय. सालेकसा तालुक्यातल्या एका घरी आज बॅटरी बँक जोडायची आहे. छतावर पॅनल आधीच बसलेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या. ॲसिड भरलेली एकेक पन्नास किलोच्या वर. उभ्याच न्यायच्या, दोरीने आवळून. चढवण्याआधी चारही बॅटऱ्यांवरचा उत्पादनाचा महिना वाचतो. कंपनी एक, महिना एक. वेगळ्या वयाची एक जरी घुसली, तरी ती आधी रिकामी होते आणि उरलेल्या तिघींचंही आयुष्य खाते.

सकाळी ८.००
आमगावमार्गे पोचलो. उन्हाळी धानाची पोती ओसरीत रचलेली. घरमालक काकाजींचा पहिला प्रश्न शेजाऱ्यांबद्दल. त्यांनी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेतून पॅनल बसवलेत. "त्यायच्या घरी सोलर हाये, तरी लाइन गेली का अंधारच. काहून जी?"

कारण त्यांचा इन्व्हर्टर लाइनशी बांधलेला आहे. लाइन गेली की त्याने बंद पडलंच पाहिजे. नाहीतर छतावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प याच जिल्ह्यात आहे, पण वादळात तारेवर फांदी पडली की गावाला त्याचा काय उपयोग? म्हणून काकाजींना साठवण हवी.

जागा त्यांनी ठरवून ठेवलेली: देवघराला लागून, जिन्याखाली. ती मी नाकारली. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. शेजारी समई नको. हा वायू वर चढतो, म्हणून वरच्या बाजूला जाळी हवी. शेवटी उत्तरेकडची पडवी पक्की झाली. तिथे भिंत तापत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आमच्याकडचा नवतपा सगळ्यांना ठाऊक आहे.

सकाळी ९.३०
केबल मापणं, कापणं, लग दाबणं. माझ्या हाताखालचा पोरगा विचारतो, "भाऊ, एवढी जाड केबल कायले?" त्याला गणित मांडायला लावलं. इन्व्हर्टर ३,००० वॅटचा. २३० व्होल्टवर हा भार १३ अँपिअर. ४८ व्होल्टच्या बाजूला ६२.५, आणि बॅटरी उतरत आली की त्याहून जास्त. एकाच १२ व्होल्टवर चालवला असता तर २५० अँपिअर लागले असते. म्हणून चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि २५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल.

लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबायचा. पक्कडीने चेपून टेप गुंडाळलेला सांधा दिसायला ठीक दिसतो. पण त्यात ०.०१ ओहमचा विरोध राहिला, तर ६० अँपिअरला ३६ वॅट उष्णता तिथेच साचते, म्हणजे जोडात एक सोल्डरिंग आयर्न कायमचं चालू ठेवल्यासारखं.

सकाळी ११.००
खरं काम आता. पॅनलचा आयसोलेटर बंद करून कुलूप लावलं. पॅनलवर ताडपत्री टाकता येते, मीटरचा मेन पाडता येतो. बॅटरीला बंद करायचं बटण नसतं. तिच्या दोन टोकांवर पाना पडला, तर हजारांत अँपिअर वाहतात आणि लोखंड वितळतं. घड्याळ, अंगठी, पोराच्या हातातलं कडं, सगळं डब्यात. डोळ्यांवर चष्मा, पान्याच्या दांड्याला इन्शुलेशन. बाजूला पाण्याची बादली आणि खाण्याचा सोडा: सोडा सांडलेल्या ॲसिडवर, अंगावर फक्त भरपूर पाणी.

एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला. दर जोडानंतर मीटर: १२.६, २५.२, ३७.८. पुढची जोडपट्टी मुद्दाम सोडून ठेवली. ती नसेल तोवर पूर्ण ४८ व्होल्टची माळ होत नाही.

दुपारी १.००
वरण-भात, कैरीची चटणी. या उन्हात घामाने हात निसटतात. तासभर कुणी पान्याला हात लावायचा नाही.

दुपारी २.३०
फ्यूज आणि एमसीबी. बँकेच्या प्लसपासून हातभर अंतरात १०० अँपिअरचा डीसी फ्यूज, म्हणजे केबल कुठेही घासली तरी तिच्याआधी फ्यूज उडेल. काकाजींनी घरातला जुना एमसीबी पुढे केला: "हाच लावा ना भाऊ, पैसे वाचतीन." तो एसीचा. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. संपर्क सुटले तरी आर्क जळत राहतो आणि डबीच पेटते.

दुपारी ४.००
अर्थिंग तपासलं. शेवटची पट्टी बसवली: मीटरवर ५०.४. प्लस-मायनस मी पाहिलं, मग पोराने स्वतंत्रपणे पाहिलं. एमसीबीच्या दोन टोकांवर आधी रेझिस्टर धरला, म्हणजे इन्व्हर्टरमधले कपॅसिटर हळू भरतात आणि खटका दाबताना भडका उडत नाही. मग बॅटरी चालू. पॅनल त्यानंतर, कंट्रोलरला आधी बॅटरीचे व्होल्ट कळायला हवेत, नाहीतर पॅनलचा दाब थेट त्याच्यावर येतो. बंद करताना क्रम उलटा. चार्जिंगची मर्यादा १५ अँपिअर, म्हणजे क्षमतेचा दहावा भाग.

संध्याकाळी ५.३०
फ्रिज, पंखे, मिक्सर एकदम लावून अर्धा तास भार दिला. तापमापकाची बंदूक प्रत्येक जोडावर फिरवली; एक नट इतरांपेक्षा गरम. सगळं बंद करून तो पुन्हा आवळला, वर व्हॅसलिन लावलं.

काकूंना हिशेब सांगितला. साठा ७.२ युनिटचा, वापरायचा त्यातला निम्मा. पाणी डिस्टिल्डच, चार्ज पूर्ण झाल्यावरच. भरलेल्या बॅटरीचं हायड्रोमीटर १.२४० च्या आसपास हवं. पडवीत काडी ओढायची नाही. बंद करण्याचा क्रम मार्करने भिंतीवर लिहिला.

संध्याकाळी ६.३०
निघताना काकाजींनी कोपऱ्यातली जुनी बॅटरी दाखवली. "हेबी जोडून द्या, पाचवी." नाही म्हटलं. तर काकू म्हणाल्या, "म्हाताऱ्या बैलाले नव्या जोडीत कोन जुंपते जी?" काकाजी हसले आणि बिलातली फ्यूजची रक्कम घासाघीस न करता मोजली. पुढल्या महिन्यात नट पुन्हा आवळायला येतो, असं वहीत टिपलं.