चूक पकडली, पण ती म्हणाली काय?

डेटाबेसचा कोड लिहिणारी मंडळी 'एरर हँडल केली' असं म्हणतात, तेव्हा पुष्कळदा एवढंच झालेलं असतं, की चूक घडली आणि प्रोग्रॅम कोसळला नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथं जरा थांबावंसं वाटतं. चूक झाली हे कळणं आणि कोणती चूक झाली हे कळणं, ही दोन वेगळी ज्ञानं आहेत. पहिल्यावरच समाधान मानलं, की खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला 'तांत्रिक अडचण आहे, उद्या या' एवढंच ऐकावं लागतं. आणि दुरुस्तीला बसणाऱ्याच्या हातीही त्याहून जास्त काही लागत नाही.

आज आपण मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचं उदाहरण घेऊ. जुन्या पद्धतीत भरवसा असे तो अ‍ॅट-अ‍ॅट-एरर या एका आकड्यावर. तो फक्त क्रमांक सांगतो, आणि तोही नुकत्याच झालेल्या विधानाचा. पुढचं विधान सुरळीत गेलं की तो शून्य होतो. गंमत पाहा, 'चूक झाली का?' असं 'इफ' लावून विचारलं, तर ते विचारणं हेही एक विधानच. त्यानंच क्रमांक पुसला जातो! म्हणून आधी तो व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवायचा आणि मग चौकशी करायची.

बरं, क्रमांकावरून मजकूर शोधता येईल की, असं कुणी म्हणेल. येतो ना. सिस-मेसेजेस नावाच्या यादीत सगळे संदेश आहेत, पण ते गाळलेल्या जागांसकट. ५४७ क्रमांकाचा संदेश सांगतो, की अमुक विधान तमुक बंधनाशी विसंगत आहे. कोणतं बंधन, कोणतं टेबल? जागा मोकळ्याच. नैयायिकांच्या भाषेत, जाती कळली, व्यक्ती निसटली.

२००५ च्या आवृत्तीत ट्राय-कॅच आलं आणि त्याबरोबर एरर-मेसेज हे फंक्शन. ते जागा भरलेला, पूर्ण मजकूर देतं. क्रमांक, ओळ आणि प्रोसीजरचं नाव सांगणारी त्याची भावंडंही आहेत. कॅचच्या आत त्याला कितीही वेळा विचारा, उत्तर बदलत नाही. बाहेर पडलात की मात्र नल! म्हणजे साक्षीदार बोलतो, पण त्या खोलीतच. कॅच रिकामा ठेवणं म्हणजे त्याला बोलावून न ऐकताच घरी पाठवणं. आमच्या मते, कॅच न लिहिण्यापेक्षा हे वाईट. न लिहिलेल्या ठिकाणी निदान चूक वर तरी ओरडते.

ऐकलेलं कुठं लिहायचं, यातही एक मेख आहे. ट्रान्झॅक्शन चालू असताना तुम्ही नोंदीच्या टेबलात मजकूर लिहिलात आणि मग रोलबॅक केलंत, तर बिघडलेल्या कामाबरोबर ती नोंदही पुसली जाते. व्हेरिएबलला मात्र रोलबॅक शिवत नाही. तेव्हा क्रम असा: मजकूर व्हेरिएबलमध्ये, मग रोलबॅक, मग नोंद. चूक वर कळवायची असेल तर २०१२ पासून थ्रो आहे; काही न जोडता नुसतं थ्रो लिहिलं की मूळ क्रमांक आणि मूळ ओळ तशीच पुढं जाते. रेझ-एररनं तोच मजकूर पुन्हा उच्चारला, तर क्रमांक ५०००० होऊन बसतो. शब्द तेच, ओळख गेली.

आता समजा, हे सगळं नीट केलं, पण साक्षीदारच मोघम बोलतो. मग? ८१५२ हा क्रमांक या बाबतीत वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध होता. मजकूर मावत नाही, कापला जाईल, एवढंच तो सांगे. पन्नास कॉलमांपैकी कोणता, हजार ओळींपैकी कोणती, याचा पत्ता नाही. माणसं एकेक कॉलम मोजत बसत. २०१९ च्या आवृत्तीत, डेटाबेसची कंपॅटिबिलिटी लेव्हल १५० असेल तर, त्याच्या जागी २६२८ येतो. तो टेबल सांगतो, कॉलम सांगतो आणि कापली गेलेली किंमतसुद्धा दाखवतो.

ती किंमत म्हणजे कुणाचा तरी पत्ता असू शकते, कुणाचं आजारपण असू शकतं, बरं का. म्हणून हा मजकूर दुरुस्ती करणाऱ्याच्या नोंदीत पूर्ण जाऊ द्या. खिडकीवरच्या पडद्यावर त्या नोंदीचा क्रमांक तेवढा दाखवा.