मनी जेवत का नाही?

दोस्तांनो, मोठ्या मांजराला दात किती असतात, सांगा पाहू? तीस! आपल्यापेक्षा दोन कमी. पण कधी कधी हेच दात त्याच्या जिवावर उठतात.

मांजर ताटलीपाशी धावत येतं, एक घास घेतं नि ओरडून मागे सरतं. लाळ गळते, तोंडाला घाण वास येतो, अंग चाटणंही बंद होतं. घरातले म्हणतात, ‘नखरे वाढलेत हिचे!’ नखरे कसले? तोंडात पाहा, हिरड्या नि घशाजवळचा भाग लालभडक सुजलेला असतो. हा दुखणेकरी आजार महिनोन्‌महिने हटत नाही.

याच्यामागे कोण? पहिला संशय कॅलिसी नावाच्या विषाणूवर. लॅटिनमध्ये ‘कॅलिक्स’ म्हणजे पेला. या विषाणूच्या अंगावर पेल्यासारखे खळगे असतात, म्हणून हे नाव. त्याच्यामुळे मांजराला शिंका येतात, ताप येतो, जिभेवर फोड उठतात. मांजर बरं होतं. पण काहींच्या टॉन्सिलमध्ये तो मुक्कामच ठोकतो. तोंड सुजलेल्या बऱ्याच मांजरांत तो सापडतो.

मग सापडला की चोर! थांबा, घाई नको. तो धडधाकट मांजरांतही सापडतो. शिवाय निरोगी मांजरांना मुद्दाम त्याची लागण करून पाहिली, तेव्हा थोड्या दिवसांचं दुखणं आलं, हा जुनाट आजार काही झाला नाही. चोरीच्या जागी दिसला म्हणून कुणी चोर ठरत नाही ना? कदाचित सुजलेल्या तोंडात त्याचं आयतंच फावत असेल.

दुसरा संशयित १९८६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन व जेनेट यामामोटो यांना सापडला : एफआयव्ही. तो चाव्यातून पसरतो नि मांजराची प्रतिकारशक्ती पोखरतो. पण तोंड सुजलेल्या कितीतरी मांजरांत तो नसतोच! एक मात्र खरं, ज्या घरात पुष्कळ मांजरं, तिथे हा आजार जास्त.

उपाय ऐकून दचकाल. दाढा काढून टाकायच्या! दातांवरच्या जंतूंच्या थराशी शरीर नको तितकं भांडत असतं, ते भांडण त्यामुळे शमतं. सुमारे दोन तृतीयांश मांजरं बरी होतात किंवा पुष्कळ सुधारतात, नि दाढांवाचून मजेत जेवतात.

हे दोन्ही विषाणू माणसाला होत नाहीत, तेव्हा मनीला खुशाल जवळ घ्या. फक्त तिला आपली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका, ती मांजराला विषच. जनावरांच्या डॉक्टरांकडेच न्या.